आईच्या खोलीतली बुखारी

“त्या भिंतीला हात लावायचा नाही,” अण्णा म्हणाले.

मी काही हातोडी घेऊन उभी नव्हते. कपाट थोडं बाजूला सरकवून, विटांनी बुजवलेल्या जुन्या फायरप्लेसवरून नुसता हात फिरवत होते. पलीकडं पलंगावर आई तीन रजया पांघरून पडली होती, तरी तिचे दात वाजत होते. बाहेर दुपारचं लख्ख ऊन पडलेलं.

“अण्णा, तिला ऊब पाहिजे.”

“दुसरा हीटर आणू.”

“हीटर लावला की मेन स्विच पडतो. नाही पडला तर लाइट जाते. काल सकाळपासून किती वेळ होती लाइट?”

“गरम पाण्याच्या पिशव्या आहेत.”

“त्या किती वेळ पुरतात?”

अण्णा कपाट पुन्हा जागेवर ढकलायला लागले. एकट्यानं हलेना, तरी मला हाक मारली नाही.

ही गोष्ट आता बरीच जुनी झाली. आईच्या पोटाचा कॅन्सर पसरला होता आणि पुण्याच्या डॉक्टरांनी आणखी औषधं द्यायचं थांबवलं होतं. घरी न्या, त्यांना आवडेल तसं राहू द्या, असं म्हणाले होते. मी माझं साताऱ्यातलं बिऱ्हाड नवऱ्यावर सोपवून पाचगणीला येऊन राहिले होते. आईला दुखत होतंच, पण दुखण्यावर गोळ्या होत्या. थंडीवर काही नव्हतं. अंगात रक्तच राहिलं नव्हतं तिच्या. पायाला हात लावला तर फरशीला लावल्यासारखं वाटायचं.

अण्णा, म्हणजे वसंतराव पिसाळ, पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेत भूगोल शिकवायचे. त्या शाळेच्या जुन्या मेट्रनबाई गाव सोडून गेल्या तेव्हा त्यांची ही छोटी दगडी बंगली अण्णांनी घेतली. मेट्रनबाईंच्या आधी तिथं कुणी साहेब राहायचा म्हणे, त्यानं झोपायच्या खोलीत फायरप्लेस बांधून घेतलेली. आमच्या लहानपणी हिवाळ्यात ती रोज पेटायची. मी आणि माझा धाकटा भाऊ उदय तिच्यासमोर सतरंजी टाकून अभ्यास करायचो, आणि आई आमच्या मागं बसून शेंगा सोलायची.

उदय सिव्हिल इंजिनिअर झाला, आणि हिमाचलात एका खासगी कंपनीच्या रस्त्याच्या कामावर गेला. तिथंच तो गेला. दरड कोसळली, असं अण्णांनी आम्हाला सांगितलं. निरोप आला तेव्हा अण्णा एकटेच गेले. एवढ्या लांबून, बर्फातून आणता येणं शक्य नव्हतं, म्हणून सगळं तिथंच उरकलं आणि अस्थी घेऊन परत आले. आईला त्याचं तोंड बघायला मिळालं नाही. त्याच महिन्यात अण्णांनी स्वतःच्या हातानं विटा लावून फायरप्लेस बंद केली. धुरांड्यातून साप पडला म्हणाले. साप आम्ही कुणी बघितला नव्हता, पण त्या दिवसांत त्यांना काही विचारायची कुणाची छाती नव्हती.

कपाट निम्मं सरकलं होतं तेव्हा आई म्हणाली, “अहो, पेटू द्या ना.”

अण्णा थांबले. तिच्याकडं बघत राहिले.

“तुला पाहिजे?”

“मला थंडी वाजतीय हो.”

ते खोलीतून निघून गेले. मोरीत नळ सुटल्याचा आवाज आला, बराच वेळ येत राहिला. परत आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि हातात छिन्नी-हातोडा होता.

“उघडी आग नको,” ते मला म्हणाले. “निम्मी ऊब धुरांड्यातून वर जाते आणि ठिणग्या उडतात. बंद दाराची लोखंडी बुखारी बसवू. पण मी सांगेन तशी.”

बुखारी हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. आमच्याकडं शेगडी म्हणतात, फार तर स्टोव्ह म्हणतात.

पुण्याहून टेंपोतून ती आली. काळी, बुटकी, जाड बिडाची, दाराला काच असलेली. उतरवायला चार माणसं लागली. बाजारात ग्रिलचं दुकान असलेले लतीफभाई बसवायला आले. शाळेच्या खिडक्यांना ग्रिल त्यांनीच लावलेली, त्यामुळं अण्णांना ते सरच म्हणायचे.

“सोपं काम आहे सर,” वाकून बघत ते म्हणाले. “स्टोव्हचं तोंड धुरांड्यात घालायचं, कडेनं सिमेंट मारायचं. संध्याकाळी मॅडमना शेकायला मिळेल.”

“आधी धुरांडं झाडायचं,” अण्णा म्हणाले.

आईला पुढच्या खोलीत हलवलं. अण्णांनी बांबूला काथ्याचा मोठा कुंचा बांधला, लतीफभाई कौलांवर चढले आणि वरून कुंचा घालायला लागले. खाली टोपल्याच्या टोपल्या काजळी पडली. काटक्या पडल्या, एक अख्खं घरटं पडलं, चुन्याचे ढपले पडले. अण्णा नाकाला रुमाल बांधून प्रत्येक ढपला उचलून बघत होते. कुठून निखळला असेल त्याचा अंदाज घेत होते.

“झालं साफ,” लतीफभाई वरून म्हणाले.

“आता धूर करायचा.”

अण्णांनी खिडक्या लावून घेतल्या, फायरप्लेसमध्ये ओला पाला जाळला, धूर नीट वर चढल्यावर लतीफभाईंना वरचं तोंड झाकायला सांगितलं आणि खालचं स्वतः पत्र्यानं बंद केलं. मग मला म्हणाले, “शैले, मागच्या कोठीत जा. भिंतीतून कुठं धूर येतो का बघ.”

धुरांडं कोठीच्या भिंतीतून वर गेलेलं होतं. मी तिथं उभी राहिले. आधी काही दिसेना. मग वरच्या कोपऱ्यात, दगडांच्या सांध्यातून करड्या दोऱ्यासारखी एक रेघ बाहेर आली आणि हळूहळू छताकडं गेली.

लतीफभाईंनी येऊन बघितलं. “एवढासा तर आहे. चुन्यानं लिंपून टाकतो.”

“हा दिसला म्हणून कळलं,” अण्णा म्हणाले. “जे दिसत नाही, ज्याला वास येत नाही, ते पण इथूनच येणार. लिंपून भागायचं नाही. बुखारीपासून वरच्या टोकापर्यंत आतून स्टीलचा पाइप घालायचा. सलग. मध्ये कुठं सांधा उघडा राहता कामा नये.”

“एवढा लांब पाइप इथं मिळायचा नाही सर.”

“साताऱ्याहून आणा.”

पाइप लगेच आला नाही. त्या दिवसांत कडाक्याची थंडी पडली होती. सकाळी गवतावर पांढरं दिसायचं. आई पुढच्या खोलीत कुशीवर वळून, गुडघे पोटाशी घेऊन पडायची आणि मी तिचे तळवे चोळत बसायचे. काजळी झाडलेली, रिकामी फायरप्लेस आतल्या खोलीत आ वासून होती, आणि पाइप नाही म्हणून अण्णा तिथं काडी ओढू देत नव्हते.

एकदा माझा धीर सुटला. अंगणात ते लाकडं रचत होते, वाळलेली सिल्व्हर ओकची. प्रत्येक फळकूट दुसऱ्यावर आपटून आवाज ऐकायचे. ओलं वाटलं तर बाजूला टाकायचे.

“अण्णा, किती दिवस आहे ती आपल्याजवळ?” मी म्हणाले. “तुमचा पाइप येईपर्यंत ती राहिली नाही तर? जन्मभर याच धुरांड्यात आग पेटवली ना आपण? तेव्हा कुणी मेलं का?”

त्यांच्या हातातलं लाकूड तसंच राहिलं.

“तिला मी असं जाऊ देणार नाही,” ते म्हणाले.

“असं म्हणजे कसं?”

ते खाली बसले आणि पुन्हा लाकडं निवडायला लागले. मी पाय आपटत आत गेले.

शेवटी पाइप आला. तो वरून आत सोडला, टोकावर पावसाची टोपी बसवली, पक्षी येऊ नयेत म्हणून तिला जाळी लावली. फायरप्लेसचं तोंड लोखंडी पत्र्यानं बंद केलं, पाइपाभोवतीची फट भट्टीच्या मातीनं भरली. बुखारीखाली आणि पुढं जाड शहाबादी फरशी घातली, कारण दार उघडल्यावर निखारा पडला तर तो लाकडी जमिनीवर पडू नये. फायरप्लेसच्या वरची सागवानी फळीसुद्धा अण्णांनी काढायला लावली. एवढ्या जवळ लाकूड नको म्हणाले. त्या फळीवर उदयचा फोटो असायचा. तो त्यांनी पुसून कपाटात ठेवला.

सगळं झालंसं वाटलं तेव्हा अण्णा खडू घेऊन आले आणि बाहेरच्या भिंतीवर, जमिनीपासून वीतभर वर, त्यांनी एक गोल काढला.

“इथं भोक पाडा.”

लतीफभाईंनी हातातली करणी खाली ठेवली. “सर, राग मानू नका. ऊब यावी म्हणून स्टोव्ह बसवला. आता थंडी यावी म्हणून भिंतीला भोक पाडायचं?”

मला त्यांचं पटलं. “अण्णा, खिडकी आहे ना. थोडी उघडू लागेल तेव्हा.”

“खिडकी माणूस बंद करतो,” अण्णा म्हणाले. “थंडी वाजली की बंद करतोच. आगीला हवा लागते. बाहेरून नाही मिळाली तर ती खोलीतली घेते, आणि मग...” त्यांनी खडूनं गोल पुन्हा गिरवला. “भोक पाडा. त्याला झाकण नाही बसवायचं. उंदीर येऊ नये एवढ्यापुरती जाळी लावा.”

“हे सगळं तुम्हाला कुठून माहीत?” मी विचारलं.

“वाचलंय.”

“कधी?”

“ती पक्कड दे इकडं.”

सगळ्यात शेवटी त्यांनी आईच्या पलंगाजवळच्या भिंतीवर एक पांढरी डबी लावली. विषारी वायू साठला की ती ओरडणार होती. तिचं बटण दाबून त्यांनी आवाज ऐकला, मग कोठीत जाऊन मला दाबायला लावलं आणि तिथून ऐकला. आई पुढच्या खोलीतून म्हणाली, “आलं हो ऐकू मलापण.”

दुपारी बुखारी पेटली. अण्णांनीच पेटवली. आधी काटक्या, मग बारीक फळकुटं. काचेमागं जाळ उभा राहिला तसे ते उठून बाहेर गेले आणि कौलांकडं बघत उभे राहिले. धूर सरळ वर जातोय हे बघून आल्यावरच त्यांनी आईला आत आणू दिलं. आम्ही दोघांनी तिला खुर्चीसकट उचलून आणलं. काही जड नव्हती ती.

थोड्या वेळानं तिनं वरची रजई स्वतःच बाजूला सारली. मग दुसरी. मी तिच्या पावलांना हात लावला. कोमट होती.

“शेंगा आहेत का गं घरात?” तिनं विचारलं. खाता येत नव्हत्या तिला. पण मी ताटलीत आणून दिल्या, आणि ती सोलत बसली.

दुसऱ्या दिवशी वारा सुटला. खोली छान उबदार होती, पण भिंतीच्या त्या भोकातून गार हवेची धार सरळ आईच्या पायांवर येत होती. तिनं पाय वर ओढून घेतले. अण्णा लाकडं आणायला अंगणात गेले होते. मी खुंटीवरचा जाड टॉवेल काढला, त्याची घडी केली आणि खाली बसून भोकात कोंबायला लागले. तेवढ्यापुरतं, म्हटलं. वारा पडला की काढू.

“शैले, ते काढ,” आई म्हणाली.

“वारा लागतोय तुझ्या पायाला.”

“लागू दे. काढ आधी.”

“अगं थोडा वेळ फक्त...”

“काढ म्हणते ना.” तिचा आवाज बऱ्याच महिन्यांत मी असा ऐकला नव्हता. मी टॉवेल ओढून काढला आणि तिच्याकडं वळले. ती माझ्याकडं बघत नव्हती. भोकाकडं बघत होती.

“मीच सांगितलं होतं त्याला,” ती म्हणाली. “फटीबिटी बुजवून घे म्हणून.”

मला आधी समजलंच नाही ती कुणाबद्दल बोलतेय. मग दाराशी काहीतरी पडलं. अण्णा दारात उभे होते. हातातल्या लाकडांतलं एक खाली पडलं होतं, बाकीची त्यांनी छातीशी तशीच धरून ठेवली होती.

“काय बोलतेस?” ते म्हणाले.

“फोनवर सांगितलं होतं मी. तुम्ही शेजारी बसला होता. खोलीत वारं येतं म्हणाला, झोप लागत नाही म्हणाला. मी म्हटलं, पोतं कोंब तिथं आणि गप झोप.” तिनं दम घेतला. “त्यानं कोंबलं.”

“इंदू, दरड...”

“दरड नव्हती हो.”

अण्णा एक पाऊल आत आले.

“बिपिन आला होता,” आई म्हणाली. बिपिन कोरेगावचा, उदयबरोबर त्याच कामावर होता. “तुम्ही शाळेत गेला होता. त्याला वाटलं मला सगळं माहीत आहे. काकू, रात्रभर खोलीत बुखारी पेटलेली होती, झोपेतच गेला, त्रास नाही झाला, म्हणाला. माझी समजूत काढायला म्हणाला बिचारा. मग मीच विचारलं त्याला, भोकाला पोतं लावलं होतं का म्हणून.”

“कधी आला होता?”

“वर्षश्राद्धाच्या आधी.”

अण्णांनी लाकडं एकेक करून खाली ठेवली. मग भिंतीला टेकून, आम्ही लहानपणी बसायचो तिथं, जमिनीवर बसले. मला तेव्हा कळलं की हे सगळं त्यांनी वाचलं होतं ते कधी आणि कशासाठी. हिमाचलातून परत आल्यावर शाळेच्या लायब्ररीत ते तासन्‌तास बसायचे. आम्हाला वाटायचं, दुःख विसरायला बसतात.

“एवढी वर्षं तू बोलली नाहीस,” ते म्हणाले.

“तुम्ही पण नाही बोललात.”

“तुला कळू नये म्हणून.”

“माहितीये मला. तुम्ही माझ्यासाठी एवढं धरून ठेवलं होतं, ते तुमच्या हातून कशाला काढून घेऊ म्हटलं.”

बुखारीत लाकूड तडतडलं. मी टॉवेल हातात घेऊन तशीच बसून होते. उठावं की थांबावं कळत नव्हतं.

“तुझ्यामुळं नाही झालं ते,” अण्णा म्हणाले. “कुठलीही आई हेच सांगते.”

“हो. पण मी सांगितलं.”

अण्णा तिच्याजवळ सरकले. त्यांनी तिचे पाय आपल्या मांडीवर ओढून घेतले आणि भोकाच्या बाजूनं पाठ करून बसले, म्हणजे वारा त्यांच्या पाठीला लागेल. आईनं त्यांना तसं बसू दिलं. शेंगांची ताटली तिच्या मांडीवर होती, ती मी उचलून घेतली.

मग तिनं विचारलं, “तुम्ही बघितलंत त्याला. कसा दिसत होता?”

मला वाटलं अण्णा उठून जातील. ते उठले नाहीत.

“झोपल्यासारखा,” ते म्हणाले. “गाल लाल होते त्याचे. त्या वायूनं होतात तसे. मला तेव्हा ते माहीत नव्हतं. मला वाटलं, जिवंतच आहे. डॉक्टरला म्हटलं मी, जरा परत बघा. दोनदा बघायला लावलं.”

“टेबललँडच्या पठारावरून पळत आला की व्हायचे तसे?”

“तसेच.”

आईनं डोळे मिटले. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ती हुंदके देत नव्हती. “मला हे सांगायला पाहिजे होतंत हो,” ती म्हणाली. “मी मनात किती वेगवेगळा बघितला त्याला. दगडाखाली नव्हता हे कळलं, पण मग कसा होता ते कुणाला विचारायचं.”

त्या दिवसापासून आमच्या घरात उदयचं नाव पुन्हा निघायला लागलं. अण्णांनी त्याचा फोटो कपाटातून काढून खिडकीत ठेवला. रोज दुपारी बुखारीशेजारी बसून ते आईला त्या प्रवासातलं काही ना काही सांगायचे. नदीच्या काठी चिता रचली तिथल्या दगडांचा रंग कसा होता, कँपातल्या म्हाताऱ्या स्वयंपाक्यानं स्वतःच्या वाटणीची लाकडं कशी आणून दिली, उदयच्या शेजारच्या खोलीतल्या पोरांनी त्याचा बिछाना कसा नीट आवरून ठेवला होता. आई मध्येच थांबवून विचारायची. स्वेटर कुठला होता अंगावर? दाढी वाढली होती का? अण्णांना सगळं आठवत होतं. कधी दोघं रडायची, आणि मी स्वयंपाकघरात भांडी वाजवत राहायचे, त्यांना मी ऐकतेय असं वाटू नये म्हणून.

भोक उघडंच राहिलं. मी आईला लोकरीचे जाड मोजे विणून दिले.

महाशिवरात्रीच्या आधी, सकाळी, ती गेली. रात्रभर तिचा श्वास जड होता आणि उजाडल्यावर हलका हलका होत गेला. अण्णा उशाशी होते, खोली उबदार होती. तिच्या गालांवर रंग नव्हता. अण्णांनी वाकून, निरखून बघितलं. मी बघितलं त्यांना बघताना.

माणसं आली, तिला नेलं, माणसं परत गेली. संध्याकाळी मी खोली झाडायला गेले तेव्हा अण्णा रिकाम्या पलंगावर बसले होते. बुखारीच्या काचेमागं थोडी राख आणि एकदोन निखारे उरले होते. फेब्रुवारीतली थंडी होती, आणि ते नुसत्या सदऱ्यावर होते.

“लाकडं घालू का थोडी?” मी विचारलं.

“नको,” ते म्हणाले. “आता कुणाला थंडी वाजतीय.”